घरात असेल ते चालेल

खाण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं तेत्सुजी कुवाबारांचं ठाम मत होतं. आजारपणापासून बायकोचं, फुसाएचं, जेवण चिमणीएवढं झालं होतं. तिच्या तोंडाला चव यावी म्हणून त्यांनी तोयामाचा किनारा नकाशावर अक्षरशः चाळून काढला आणि राहायची सोय असलेली एक घरगुती खानावळ शोधली. होडीतून उतरलेली मासळी थेट ताटात!

फोनवर मात्र त्यांच्यातला सभ्य माणूस जागा झाला. "आमच्यासाठी मुद्दाम काही करू नका हं. तुमच्या घरात असेल ते चालेल."

या वाक्याचा अर्थ 'जीव तोडून करा' असा होतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मालकीणबाई मात्र सरळ मनाच्या निघाल्या.

दोघं पोहोचले त्या संध्याकाळी बाईंनी हौसेनं ताटं आणली. बटाटा, गाजर, वर दाट तपकिरी रस्सा. करी-भात! त्यांच्या गावी, मात्सुमोतोला, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो तोच!

तेत्सुजींचा चेहरा उतरला, पण तोंडानं "वा!" म्हणणं भागच होतं. मग त्यांनी आडून विचारलं, "आज समुद्र शांत होता, नाही? होड्या गेल्या असतील..."

"गेल्या तर! ढीगभर मासळी आली. पलीकडच्या खोलीतल्या पाहुण्यांना वाढली सगळी. तुम्हाला घरचंच हवं होतं ना? आमच्या पोरांना मासळीचा कंटाळा, म्हणून आज हे."

पलीकडून "अहाहा, काय ताजी आहे!" असा आवाज आला. तेत्सुजींना रडू कोसळायचं बाकी होतं.

"एवढं आवडलं तर उद्या सकाळीही करते!" म्हणत बाई खूश होऊन गेल्या.

"माफ कर गं," ते पुटपुटले. "तुझ्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि माझ्या जिभेनं घात केला."

फुसाए जेवत होती. ताट निम्मं संपलं होतं. कित्येक महिन्यांत तेत्सुजींनी असं दृश्य पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"मासळी नाही म्हणून वाईट नाही ना वाटलं?"

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही कधी विचारलंत, मला मासळी आवडते का?"

तेत्सुजींचा चमचा हवेतच राहिला. रोज तिनं भाजलेली, काटे काढलेली, त्यांच्यापुढे ठेवलेली मासळी! आणि तिच्या ताटात काय असायचं, ते काही केल्या त्यांना आठवेना.

"मग... तुला आवडतं तरी काय?"

"सांगते. आधी पोटभर जेवू द्या."