चौथ्या नकाशातल्या खुर्च्या

"अरे रेघ्या, आत गेल्यावर टेकायला एक खुर्ची नको का?" आईने सकाळपासून कितव्यांदा तरी विचारलं.

रेघ्याने मान वर केली नाही. लहानपणी भिंतींवर रेघा ओढायचा म्हणून घरात त्याला हे नाव पडलं होतं. मोठेपणी रेघा ओढणं हाच त्याचा धंदा झाला. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून तो कॅड या नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या नव्या सभागृहाचा नकाशा पुरा करत होता. आधीचे तीन नकाशे मंडळाने परत पाठवले होते. चौथा आज संध्याकाळी दाखवायचा होता. तोही नापसंत झाला तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आई त्याच मंडळाची सभासद. हे काम तिनेच शब्द टाकून मिळवून दिलेलं, म्हणजे अब्रू दोघांची जाणार होती.

"आई, ते स्वच्छतागृह आहे. दिवाणखाना नव्हे."

"तुला काय कळणार गुडघ्यांचं! पिशवी ठेवायची, कपडे सावरायचे, जरा दम खायचा. कुठे बसून?"

"तिथे बसायची सोय असतेच, आई."

"वात्रटपणा नको," म्हणत आई मोबाइलचा चार्जर घेऊन टेबलाखाली वाकली. रेघ्याने त्याच क्षणी फाइल सेव्ह करायला घेतली. आईला मोकळी जागा दिसेना, म्हणून तिने हाताला लागला तो प्लग उपटला.

पडदा काळा झाला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण फाइल उघडेना. बिघडली आहे, एवढंच तो सांगत राहिला. रेघ्या उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. बायकोने पाणी दिलं. पेला हातात घेऊन तो घरभर फिरला आणि न पिताच चपलांच्या कपाटावर ठेवून आला.

त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"भाऊजी, घाबरताय काय! जुनी प्रत असेल की. कॅड आपोआप ठेवतं."

"पुसली."

"का?"

"फोल्डरमध्ये पसारा दिसत होता परवा."

"तुम्ही ना भाऊजी, आगीचा बंब भंगारात घालाल, कोपरा अडतो म्हणून. बरं, रिकव्हर म्हणून कमांड आहे, ती द्या. आणि हात लावू नका कशाला."

रेघ्याने कमांड दिली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. पडद्यावर चुकांची यादी धावू लागली. चूक सापडली, सुधारली. चूक सापडली, सुधारली. इतक्या चुका आपल्या हातून झाल्या, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी नकाशा उघडला. भिंती जागच्या जागी, दारं, खिडक्या, जिना, सगळं ठीक. रेघ्याने सुटकेचा श्वास घेतला, तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "अहो, हे काय मांडलंय?"

सभागृहात खुर्च्यांच्या जागी रांगेने कमोड होते. सगळे व्यासपीठाकडे तोंड करून.

त्याचं असं होतं, की कॅडमध्ये खुर्ची एकदाच काढतात आणि तिचाच ठसा हवा तिथे उमटवतात. कमोडचंही तसंच. दुरुस्तीच्या गडबडीत खुर्चीच्या ठशांच्या जागी कमोडचेच ठसे उमटले होते.

"व्यासपीठावरही एक आहे," बायको म्हणाली. "तो अध्यक्षांचा का?"

"हसू नकोस!"

"मी कुठे हसतेय?" ती पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेली.

वेळ सरत चालला होता. रेघ्याने कॉम्प्युटरला एकच हुकूम सोडला: नकाशातला प्रत्येक कमोड काढ, तिथे खुर्ची ठेव. डोळ्याचं पातं लवायच्या आत सभागृह माणसांत आलं. त्याने घाम पुसला, छापखान्यात धावत जाऊन नकाशा काढून घेतला आणि धापा टाकत बैठकीला पोचला.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. कुणाची वही तपासावी तसे ते नकाशा तपासायचे. त्यांचं बोट सभागृहातून हळूहळू मागच्या बाजूला सरकलं आणि थांबलं.

"हे काय?"

रेघ्याने वाकून पाहिलं. प्रत्येक स्वच्छतागृहात मधोमध एक खुर्ची होती. दुसरं काहीही नव्हतं.

"खुर्ची," तो पुटपुटला.

"स्वच्छतागृहात?"

दुपारीच मंडळात पुढे आलेली आई मागच्या रांगेतून त्याच्याकडे रोखून पाहत होती. तेवढ्यात खजिनदार बाईंनी टेबलावर हात आपटला. "अहो, अखेर कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला! वाकताना माझी पाठ धरते. तीन नकाशे झाले, टेकायची सोय केली का कुणी?"

"माझा तर गुडघा," एक आजोबा म्हणाले. "आणि काठी कुठे ठेवायची?"

"खुर्चीला अडकवायची!" तिसरे ओरडले.

मग ज्याने त्याने आपापलं दुखणं बाहेर काढलं. अध्यक्षांनी कसाबसा गलबला थांबवला आणि पेन काढलं. "मंजूर. आता यातली एक रेघही हलणार नाही."

"सर, एक बारीकसा बदल..."

"मुळीच नाही! दर खेपेला तुमचं काहीतरी असतंच."

"पण सर, कमोड घालायचे राहिलेत."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नकाशा डोळ्यांशी नेला. "घाला," ते नाइलाजाने म्हणाले. "पण खुर्चीला धक्का लावायचा नाही."

घरी परतताना आई अगदी खुशीत होती. रेघ्या मान खाली घालून चालत होता. खुर्ची आणि कमोड दोन्ही मावायला स्वच्छतागृहांच्या भिंती आता सगळ्या सरकवायच्या होत्या.

"आई, तुझं म्हणणं सकाळपासून डोक्यात घोळत होतं बघ," तो म्हणाला.

"हो का? सूनबाईने फोनवर सगळं सांगितलंय मला." आईने चालता चालता त्याच्या दंडाचा आधार घेतला. "एवढंच विचारायचं होतं. यापुढे तुला काही सुचवायचं असलं, तर आधी तोंडाने सांगू, का सरळ प्लगच काढू?"