बाबांना पाय फुटले!

"आज माझ्या घरात चूक होणार नाही! झालीच, तर समोरच्यांकडून होईल!" बेकी मथेम्बूने सकाळीच सगळ्यांना बजावलं.

लेकीच्या, झानेलेच्या, लोबोलाची बोलणी होती. मुलाकडून किती गाई यायच्या ते ठरायचं होतं. मागची सोयरीक ऐनवेळी मोडली होती. हीही मोडली तर? बेकीला घास उतरत नव्हता.

पाहुणे चटईवर टेकले. मुलाचे काका, म्हातारे झिखाली, खाकरून आता बोलणार, तोच चुलीजवळच्या ओलसर फाट्यांतून बोटभर लांबीचा एक चकचकीत जीव सळसळत थेट त्यांच्या पायाशी आला.

"बाबा आले!" बेकीची थोरली बहीण नोझिफो अक्का किंचाळलीच. "अरे, वाका! नातीचं लग्न ठरवायला बाबा आले!"

मेलेले वाडवडील सापाच्या रूपाने घरी येतात, हे कोण नाकारणार? सगळे गुडघ्यांवर! झिखालींनीसुद्धा टोपी काढली. बेकीचा जीव भांड्यात पडला.

झिखालींनी चष्मा सावरला. "मथेम्बू, तुमच्या बाबांना पाय होते?"

"होते की! चांगले दोन!"

"आत्ताचं विचारतोय. हे बघा, शेपटीशी. मोहरीएवढे!"

बेकीने वाकून निरखून पाहिलं. पाय म्हणजे साप नव्हे, सापसुरळी. इंटुलो! 'माणसं मरणार नाहीत' हा देवाचा निरोप घेऊन निघालेला सरडा बोरं खात रेंगाळला, आणि मागून निघून 'मरणार' हा निरोप जिने त्याच्या आधी पोचवला, ती हीच कार्टी! आणि आज इथे!

"उठा रे," झिखाली म्हणाले. "अपशकुन झाला. हे लग्न नको."

बेकीने केरसुणी उचलली आणि हाणली! शेपूट तुटून चटईवर थयथयाट करू लागलं, बाकीचा जीव फाट्यांत गडप!

"अगं बाई, एकीच्या दोन झाल्या!" अक्का ओरडली.

"अक्का, काहीतरी कर गं!" बेकी रडकुंडीला आला.

अक्काने पदर खोचावा तसं अंगावरचं पांघरूण आवळलं. "थांबा हो, पाहुणे! इंटुलोला चार पाय असतात. याला पुढचे कुठे होते? बाबाच ते! शेवटी शेवटी हात कुठे चालत होते त्यांचे?"

"बाबाच!" बेकी ओरडला. "आईची शप्पथ!"

झिखाली पुन्हा बसले. "नक्की बाबाच?"

"नक्की!"

"मग केरसुणीने कुणाला हाणलंत?"

बेकीने हातातली केरसुणी मागे लपवली.

बोकड कापून बाबांची माफी मागावी लागली. पाहुणे तडस लागेपर्यंत जेवले. सोयरीक काही मोडली नाही. फक्त गाईंचा विषय निघाला तेव्हा झिखाली दात कोरत म्हणाले, "गाई? अहो, बापाला झोडपणाऱ्या घरातून पोरीला सोडवून नेतोय आम्ही. गाई तुम्हीच द्यायला हव्यात!"