तीनशे दोनचा पुरवणी प्रश्न

"मास्तर, जरा जागा बदलता का? वरचा गार झोत नेमका माझ्या मानेवर येतोय," वकीलसाहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले. मास्तरांना जन्मात कधी कुणाला नाही म्हणता आलेलं नव्हतं. ते उठून वकीलसाहेबांच्या चौऱ्याहत्तर नंबरच्या जागेवर बसले आणि वकीलसाहेब त्यांच्या पंच्याहत्तरवर. संसदेत जागा बदलायला अध्यक्षांची परवानगी लागते हे दोघांनाही ठाऊक होतं. पण सर्दीपायी परवानगी कोण मागत बसतो!

निवडून येण्याआधी मास्तरांनी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. ते शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा वहीत उतरवून घेत, असा आवाज. इथे मात्र तीन वर्षांत 'हजर' आणि 'होय' यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, कारण बोलायला वेळच मिळत नव्हता. आज तो मिळाला होता, चांगली सहा मिनिटं. विषयही असा, की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जावी. सरकार प्रत्येक वसाहतीच्या फाटकावर कॅमेरे लावणार, ते सांभाळायला खाजगी कंपनीचे वॉचमन ठेवणार आणि त्याचा खर्च घरपट्टीबरोबर घरमालकांकडूनच घेणार. म्हणजे नजर आपल्यावर आणि पट्टीही आपल्यालाच! मास्तरांच्या स्वतःच्या वसाहतीत तर ही योजना आठ दिवसांपूर्वी 'प्रायोगिक तत्त्वावर' सुरूही झाली होती.

मास्तर पंधरा दिवस भाषण लिहीत होते. मास्तरीणबाईंनी त्याची सुवाच्य अक्षरात प्रत काढून घरच्या टेबलावर ठेवली होती, आणि मास्तर नुसते मुद्दे टिपलेला कागद घेऊन आले होते. सभागृहात बोलला गेलेला शब्द न् शब्द इतिवृत्तात छापला जातो. त्या जाड ग्रंथांच्या रांगेत कुठेतरी आपलं एक भाषण असावं, एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा होती.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. मास्तर उभे राहिले आणि सहा मिनिटं असे बोलले, की फळ्यावर गणित सुटत जावं. त्यांच्या आवाजाला माइकची गरज नव्हती. त्यामुळे समोरच्या माइकचा लाल दिवा लागलेलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दिवा लागला होता शेजारी, पंच्याहत्तरवर, आणि तिथे वकीलसाहेब सर्दीच्या गोळीच्या अमलाखाली माइकवर मान टाकून झोपले होते. माइकवाला वरच्या काचेच्या खोलीत बसून जागेचा नंबर बघतो आणि बटण दाबतो. चेहरे बघायचा पगार त्याला मिळत नाही. सभागृहभर एक घरघर घुमत होती, पण यंत्रात काहीतरी खरखरतंय म्हणून सगळ्यांनी ती सवयीने सोडून दिली.

मास्तर खाली बसले. मनासारखं बोलून झालं होतं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सभागृहात फोन घ्यायचा नसतो म्हणून त्यांनी तो दाबून टाकला. तो पुन्हा थरथरला, आणखी एकदा थरथरला. आठव्या वेळेला मात्र मास्तरांना राहवेना. घरी काही बरंवाईट तर नाही? त्यांनी बाकाखाली मान घातली आणि फोन घेतला. एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे.

नेमक्या त्याच क्षणी अध्यक्षांनी पुरवणी प्रश्नासाठी वकीलसाहेबांचं नाव पुकारलं, आणि माइकवाल्याने इमानेइतबारे चौऱ्याहत्तरचं बटण दाबलं.

"अगं, मी सभागृहात आहे!"

"आणि मी फाटकाबाहेर!" मास्तरीणबाईंचा आवाज सोळा कर्ण्यांमधून घुमला. "हा आजचा नवा वॉचमन मला आत सोडत नाहीये. म्हणतो, घरपट्टीच्या पावतीवर तुमच्या मिस्टरांचं नाव आहे, आणि यंत्रात एका घराला एकच नाव बसतं. अहो, अकरा नंबरच्या वसाहतीत, तीनशे दोनमध्ये, अठ्ठावीस वर्षं मी काय पाहुणी म्हणून राहतेय?"

"त्याला ओळखपत्र दाखव ना."

"दाखवलं! म्हणतो, त्यावरून तुम्ही कोण ते कळतं, इथल्या आहात हे कळत नाही. त्या कॅमेऱ्याला म्हणावं, दिवसातून चार वेळा माझं तोंड बघतोस, मग आत्ताच कशी रे ओळख विसरलास? पिशवीत दोन लिटर दूध आहे, नासेल ते!"

"अगं हळू बोल. दूध सावलीत ठेव."

सगळ्यांच्या माना मंत्र्यांच्या बाकाकडे वळल्या. मंत्रिमहोदय फायलीत डोकं घालून बसले होते. त्यांना एवढंच कळलं, की कुणीतरी तक्रार केली आहे आणि आता सगळे आपल्याकडे बघताहेत. वीस वर्षांच्या सवयीने ते उभे राहिले.

"सन्माननीय सदस्यांनी पोटतिडकीने मांडलेल्या भावनेशी सरकार सहमत आहे. सदर महिलेला आजच्या आज प्रवेश देण्यात येईल."

बाकं वाजली. मास्तर बाकाखालून वर आले तेव्हा टाळ्या कुणासाठी चालल्या आहेत हेच त्यांना कळेना. कळलं तेव्हा त्यांना पुन्हा बाकाखाली जावंसं वाटलं.

बैठक संपताच त्यांनी इतिवृत्ताचं कार्यालय गाठलं. तिथल्या बाई चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन टिपणं तपासत होत्या.

"बाई, तो मधला फोनचा भाग तेवढा काढून टाका."

"तुमचा काय संबंध? ते वकीलसाहेबांच्या नावावर आहे," बाई म्हणाल्या. "चौऱ्याहत्तर नंबर."

"आणि माझं भाषण?"

बाईंनी पान उलटलं. "पंच्याहत्तर नंबर. हे बघा. सन्माननीय सदस्य मास्तर, आणि पुढे कंसात, 'सहा मिनिटे घोरण्याचा आवाज'."

मास्तरांनी ते पान स्वतःकडे ओढलं. "अहो, पण मी बोललो! सगळ्यांच्या देखत बोललो! तुम्ही ऐकलं नाही?"

"मी ऐकलं हो. छान बोललात. पण माइकने ऐकलं नाही, आणि आम्ही माइकचं लिहितो."

"मग मी करू काय?"

"दुरुस्तीचा अर्ज. जागा बदलली होती असं कबूल करायचं, दोघांच्या सह्या करायच्या. सोबत भाषणाची पूर्ण लेखी प्रत हवी. पाचच्या आत आणलीत तर भाषण तुमच्या नावावर लागेल. पाचनंतर छापायला जातं, मग हात लावता येत नाही. आणि फोनचा भाग चुकीच्या नावावरचा म्हणून निघेल. प्रश्न निघाला की मंत्र्यांचं उत्तरही निघतं."

मास्तरांनी शेवटचं वाक्य घाईत ऐकलं आणि अर्ज घेऊन वकीलसाहेबांना शोधायला पळाले. वकीलसाहेब उपाहारगृहात घोळक्याच्या मध्यभागी होते. पक्षाची माणसं त्यांच्या पाठीवर थापा मारत होती. "सामान्य बाईचा आवाज थेट सभागृहात! काय डोकं लढवलंत!" वकीलसाहेबांना काय झालं ते अजून नीट कळलं नव्हतं, पण कौतुक नाकारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. अर्ज बघून त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं.

"मास्तर, घाई कसली? तुमचं काय, माझं काय, प्रश्न जनतेचा आहे."

"माझ्या नावावर घोरणं लागलंय!"

"मोठ्या मनाने घ्या हो."

तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन वाजला. त्यांना स्पीकरची गरज नव्हती. पलीकडचा आवाज तीन टेबलांपर्यंत ऐकू आला.

"मी घरी बसून रेडिओवर सगळं ऐकलंय, तुमचंच नाव पुकारलं होतं! अठ्ठावीस वर्षं तीनशे दोनमध्ये कोण राहतेय? आपल्या लग्नाला बावीसच झालीत!"

वकीलसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "पेन द्या," ते मास्तरांना म्हणाले. त्यांनी अर्जावर सही केली, आणि कुठे चुकायला नको म्हणून खाली आणखी एक केली.

आता राहिली भाषणाची प्रत. ती घरी होती. मास्तरीणबाईंचा फोन लागत नव्हता. अडीच वाजले होते. पोटात कावळे ओरडत होते, पण मास्तरांनी तसाच रिक्षाला हात केला. वाटेत ते सारखा खिसा चाचपून बघत होते. अर्ज जागेवर होता. एवढ्या मनस्तापानंतर का होईना, पाचच्या आत आपलं भाषण इतिहासात जमा होणार, या विचाराने त्यांना जरा बरं वाटलं.

फाटकावर वॉचमन आडवा आला. "कुणाकडे जायचंय, साहेब?"

"तीनशे दोन. माझंच घर आहे."

वॉचमनने यंत्रात पाहिलं. "तुमचं नाही. तीनशे दोन, वकीलसाहेबांच्या पत्नी. दुपारी मंत्रालयातून साहेब स्वतः आले होते आदेश घेऊन. आश्वासनांच्या समितीला आज एकतरी पूर्ण झालेलं आश्वासन दाखवायचंय म्हणाले. उभ्या उभ्या नाव घालून गेले."

"आणि माझं नाव?"

"एका घराला एकच नाव बसतं, साहेब. हे बसलं, ते उडालं."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. वॉचमनने भिंतीवरचा इंटरकॉम उचलून बटण दाबलं आणि तो त्यांच्या हातात दिला.

"अगं, हे काय करून बसलीस?"

"हळू बोला, तो ऐकतोय," मास्तरीणबाई कुजबुजल्या. "तीन तास उन्हात उभी होते. ते साहेब आले आणि म्हणाले, वकीलसाहेबांच्या मिसेस आपणच का? दुधाकडे बघितलं आणि म्हटलं, हो."

"अगं, मी दुरुस्तीचा अर्ज आणलाय! दोन्ही सह्या झाल्यात. माझी प्रत घेऊन खाली ये. पाचच्या आत दिला तर भाषण छापून येईल."

"आणि मग माझं काय होईल?"

मास्तरांच्या आता कुठे ध्यानात आलं. प्रश्न निघाला की उत्तरही निघतं, असं इतिवृत्ताच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या होत्या. उत्तर निघालं की आदेश जाईल, आणि आदेश गेला की ही पुन्हा उन्हात. हे गणित तर त्यांच्या आठवीच्या पोरांनीही तोंडी सोडवलं असतं.

"अहो, ऐकताय ना? किती छान लिहिलं होतंत तुम्ही," मास्तरीणबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "थांबा, आणते मी प्रत. माझं बघू काय ते."

मास्तरांना फार वाईट वाटलं, भाषणासाठी आणि बायकोसाठीही, आणि त्यात स्वतःचा मनस्वी राग आला. त्यांनी अर्ज बाहेर काढला. त्याची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि तो खिशात अगदी तळाशी कोंबला.

"राहू दे," ते म्हणाले. "खाली येऊ नकोस. एकदा बाहेर आलीस, तर परत सोडेल की नाही याचा नेम नाही."

वॉचमनने वही पुढे सरकवली. "नाव लिहा, साहेब. वेळ लिहा. कुणाकडे, ते लिहा. भेटीचं कारण?"

"घरी जाणे."

"असलं कारण चालत नाही. खाजगी लिहा." मास्तरांनी 'खाजगी' लिहिलं. वॉचमनने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं आणि मास्तरांनी निमूटपणे कॅमेऱ्याकडे तोंड केलं. "आणि किती वेळ थांबणार, तो रकाना राहिला."

मास्तर काही बोलणार, इतक्यात इंटरकॉममधून मास्तरीणबाईंचा आवाज आला.

"ओळखीचे आहेत, सोडा वर. सकाळपासून उपाशी आहेत, जेवूनच जातील."