मधमाश्यांच्या कपाटातली लाल वीट

"या वेळी आपण पास होणार म्हणजे होणार! लिहून ठेव!"

बारक्याने हे इतक्या जोरात सांगितलं, की वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर दोनदा ठोकलं. बारक्याची उंची सहा फूट एक इंच. त्याला हे नाव ज्याने ठेवलं तो कधीच कॉलेज सोडून गेला होता. जाताना नाव मात्र इथेच ठेवून गेला.

"मागच्या वेळी पण लिहून ठेवलं होतं," पलंगावरून आवाज आला. "त्याच्या मागच्या वेळी पण."

हा घोरपड, बारक्याचा खोलीतला जोडीदार. तो अंथरुणाला असा चिकटून असे, की त्याला सोडवायला दोन माणसं आणि एक बादली पाणी लागे. म्हणून घोरपड.

"या वेळी योजना आहे!"

"तुझ्या योजनेपेक्षा माझी झोप बरी. निदान तिच्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही."

घोरपडीचं म्हणणं खोटं नव्हतं. संख्याशास्त्रात बारक्या दोनदा आपटला होता आणि ही तिसरी, शेवटची खेप. त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी फोनवर अगदी शांतपणे सांगून टाकलं होतं, "पास झालास तर शीक. नाही झालास तर नऊला दुकान उघडतं." वडील ओरडले असते तर बारक्याला बरं वाटलं असतं! त्याने आजवर चार कंपास, दोन चष्मे आणि वसतिगृहाचा एक नळ नुसत्या हाताने मोडला होता. त्याला घड्याळं दुरुस्त करायला बसवणं म्हणजे हत्तीला सुईत दोरा ओवायला सांगणं!

परीक्षा पुढच्या शुक्रवारी. मध्ये आठ दिवस. आणि योजना म्हणजे लाल वीट!

लाल वीट हे एक पुस्तक होतं. लाल पुठ्ठ्याचं, नऊशे पानांचं, उशाला घेतलं तर मान मोडेल असं. संख्याशास्त्राचे सर पेपर काढायचे तो याच पुस्तकातून, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. ग्रंथालयात त्याची एकच प्रत होती, तीही घरी न्यायला बंदी. तिथेच बसून वाचायची. वर्गात मुलं त्रेपन्न.

अशा वेळी मुलं जे करतात त्याला आमच्या या कॉलेजात 'पेरणी' म्हणत. हवं असलेलं पुस्तक त्याच्या जागेवरून उचलायचं आणि जिथे कुणाचं कुत्रंही फिरकणार नाही अशा कपाटात खुपसून ठेवायचं. रोज जाऊन गुपचूप काढायचं, वाचायचं, परत पेरायचं. चोरी नाही, फाडाफाडी नाही, पुस्तक ग्रंथालयातच! फक्त बाकीच्या बावन्न जणांना सापडत नाही, एवढंच.

बारक्याने कपाट निवडलं ते अगदी शेवटचं, खिडकीशेजारचं. 'मधमाशीपालन'. कुणा निवृत्त प्राध्यापकांनी आपला सगळा संग्रह कॉलेजला देऊन टाकला होता. एक्केचाळीस पुस्तकं. गुरुवारी सकाळी बारक्याने लाल वीट सदऱ्याखाली धरली, पोट दुखत असल्यासारखा वाकून चालत गेला आणि ती दुसऱ्या खणात, मागच्या रांगेत सरकवली. वळला तर समोर ग्रंथपालबाई!

"इथे काय करतोयस?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमी ग्रंथालयातलाच असे. रस्त्यावर भेटल्या तरी कुजबुजत.

"मॅडम, मी... हे... मधमाश्या!"

बाई थबकल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला मधमाश्यांत रस आहे?"

"खूप!" बारक्या म्हणाला. माणूस घाबरला की एकच शब्द मोठ्यांदा बोलतो, तसा.

"अरे बाळा," बाई म्हणाल्या, "हे कपाट सोमवारी काढायचं ठरलंय. पुस्तकं तळघरात बांधून टाकायची आणि इथे थंड पाण्याचं यंत्र बसवायचं. प्राचार्य म्हणतात, वाचक कुठेत? बघ ही नोंदवही. वीस वर्षांत दोन नावं. एक ज्यांनी पुस्तकं दिली त्यांचं स्वतःचं. आणि दुसऱ्याने शेऱ्यात लिहिलंय, 'चुकून आलो'."

लाल वीट तळघरात! बारक्याच्या डोळ्यांपुढे वडिलांचं दुकान आलं, शटरसकट.

"मी आहे ना वाचक!" तो ओरडला. "मॅडम, मी रोज येईन! दिवसभर बसेन! कपाट हलवू देऊ नका!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पुस्तकासाठी असं ओरडणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. एरवी ओरडणाऱ्याला त्या बाहेर काढत. याला त्यांनी स्वतःच्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. आणि इथेच सगळा घोटाळा झाला!

कारण त्या खुर्चीवरून कपाट वीस पावलांवर होतं आणि बाई एका पावलावर. बारक्या उठला, की बाई म्हणायच्या, "बस, बस! मी आणते." आणि त्या आणायच्या ती मधमाश्यांची पुस्तकं. आधी 'राणीमाशीचं संगोपन', मग 'मेणाचे उपयोग', मग 'पोळ्यांचे रोग'. तो पानं उलटतोय की नाही हे त्या चष्म्यावरून प्रेमाने बघायच्या. दहा मिनिटं पान उलटलं नाही, तर काळजीने विचारायच्या, "अवघड जातंय का रे? दुसरं देऊ?"

पहिल्या दिवशी बारक्या डोकं धरून बसला. दुसऱ्या दिवशी जांभया देत. तिसऱ्या दिवशी मात्र एक गंमत झाली. तो वाचायला लागला!

"घोरपडे, तुला माहितीये का," तो खोलीत येऊन म्हणाला, "फुलं कुठे आहेत ते एक माशी बाकीच्यांना नाचून सांगते! नाचून! कुठल्या दिशेला, किती लांब, सगळं!"

"आणि लाल वीट कुठेय ते कुठली माशी सांगते?" घोरपडीने पांघरुणातून विचारलं. "सगळा वर्ग शोधतोय."

शोधत होताच! रविवार सोडला, तर रोज वीस-पंचवीस मुलं ग्रंथालयात कपाटामागे, शिडीवर, टेबलांखाली डोकी घालत होती. बारक्या त्यांच्यात सगळ्यात पुढे. "ज्याने हे केलं त्याला सोडायचं नाही!" असं दातओठ खाऊन त्याने चार जणांना सांगितलं. त्यातल्या दोघांनी त्याला शोधमोहिमेचा प्रमुख केलं. त्याने मोठ्या शिस्तीने कपाटं वाटून दिली. मधमाशीपालन स्वतःकडे ठेवलं.

सोमवारी प्राचार्य आले, सोबत पाण्याच्या यंत्राचा मेकॅनिक हातात टेप घेऊन. बाई कपाटासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"सर, वाचक आहे!"

"एक?"

"एक! पण काय वाचतो! चार दिवसांत अकरा पुस्तकं झाली!"

प्राचार्यांनी बारक्याकडे खालून वर पाहिलं. नजर वर पोचायला थोडा वेळ लागला.

"असं करू," ते म्हणाले. "गुरुवारी दुपारी चार वाजता सभागृहात या मुलाचं मधमाश्यांवर व्याख्यान ठेवा. खरंच वाचलं असेल तर कपाट राहील. नसेल तर पाणी."

"पण सर, शुक्रवारी माझा..." बारक्या म्हणाला.

"बोलेल तो!" बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज ग्रंथालयाच्या दारापर्यंत गेला. बारक्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. नाही म्हणायला धैर्य लागतं, आणि ते त्याच्या सहा फुटांत कुठेच नव्हतं.

गुरुवार उजाडला. सभागृह गच्च! संख्याशास्त्राचा अख्खा वर्ग आला होता, कारण हजेरी लागणार होती. घोरपडीलाही दोघांनी उचलून आणलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य, आणि शेजारी खुद्द संख्याशास्त्राचे सर.

बारक्या व्यासपीठावर चढला. पहिली दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. मग तो माश्यांच्या नाचावर आला आणि त्याच्या अंगात काहीतरी संचारलं! शब्दांनी सांगून होईना म्हणून तो नाचूनच दाखवायला लागला. कंबर थरथरवत सरळ रेषेत चार पावलं, गर्रकन उजवीकडून परत, पुन्हा थरथरत चार पावलं, डावीकडून परत! सहा फूट एक इंचाची माशी! टाळ्या, शिट्ट्या! प्राचार्य हसता हसता रुमाल शोधायला लागले.

"आणि नर माशी," बारक्या धापा टाकत म्हणाला, "काही काम करत नाही! आयतं खाते आणि पोळ्यात पडून राहते!"

सगळ्या वर्गाने एकाच वेळी घोरपडीकडे पाहिलं.

"कपाट राहील!" प्राचार्यांनी उभं राहून जाहीर केलं. बाईंना काय करू आणि काय नको असं झालं. त्या धावतच मागे गेल्या आणि पुस्तकांची ढकलगाडी घेऊन आल्या. सकाळीच घाईघाईत त्यांनी अख्खं कपाट त्यावर भरून ठेवलं होतं!

"या मुलाने या पुस्तकांत जीव ओतलाय," त्या म्हणाल्या आणि एकेक पुस्तक सगळ्यांना दाखवून टेबलावर ठेवायला लागल्या. "हे राणीमाशीचं. हे मेणाचं. हे रोगांचं..."

 बारक्याने टेबलाआड व्हायचा प्रयत्न केला; पण त्याच्या मापाचं टेबल तिथे नव्हतं.

"आणि हे..." बाई थांबल्या. त्यांच्या दोन्ही हातांत लाल वीट होती.

 मग शेवटच्या रांगेतून घोरपडीचा टक्क जागा आवाज आला, "अरे, ही तर आपली!"

बावन्न मुलं उठून उभी राहिली. पोळं डिवचल्यासारखा आवाज सुरू झाला. बाई एकदा पुस्तकाकडे, एकदा बारक्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा बारक्याला बघवेना.

तेवढ्यात संख्याशास्त्राचे सर टुणकन उठले.

"कळलं! मला सगळं कळलं!" त्यांचा चेहरा उजळला होता. "माश्यांची संख्या! अंतरांची सरासरी! हा मुलगा मधमाश्या समजून घ्यायला संख्याशास्त्र वाचत होता! माझा विषय असा जगण्यात उतरलेला मी प्रथमच बघतोय! बेटा, खरं सांग, हे पुस्तक आठ दिवस तुझ्याकडेच होतं ना?"

नाही म्हणावं तर पेरणी उघडी पडणार आणि बाईंची मान सगळ्या कॉलेजासमोर खाली जाणार. 

"हो सर," तो म्हणाला. "म्हणजे, कपाटात होतं."

"वा!" सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पुस्तक आदराने काखेत मारून ते घरी घेऊन गेले. ग्रंथालय पाचला बंद झालं.

सगळ्या वर्गाने बारक्याला जिन्यात गाठलं. काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. शोधमोहिमेचं प्रमुखपद मात्र त्याच क्षणी गेलं.

शुक्रवारचा पेपर लाल विटेतूनच होता, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत. त्रेपन्न मुलं तीन तास छताकडे बघत बसली. बारक्याला एक प्रश्न पूर्ण आला, दुसरा अर्धा आला आणि उरलेल्या जागेत त्याने फार सुबक रकाने आखले. पेपर सुटल्यावर वर्गातले पाच जण सरांकडे गेले. "सर, पुस्तकच नव्हतं! आम्ही वाचायचं काय?" सर न्यायी माणूस. म्हणाले, "बघतो."

पंधरा दिवसांनी निकाल लागला. फलकासमोर ही झुंबड! बारक्याला गर्दीत घुसायची गरज नव्हती. त्याला मागूनच दिसलं. खाली सरांची टीप होती: 'पाठ्यपुस्तक उपलब्ध नसल्याने विद्यार्थ्यांना दहा गुण वाढवून देण्यात आले आहेत.' पासाला चाळीस. बारक्याला एकतीस! एकतीस आणि दहा, एक्केचाळीस! तो हवेत उडाला. खाली येता येता त्याने आपल्या नावापुढचा शेरा वाचला.

'यांच्याकडे पुस्तक उपलब्ध होते.'

तो धावत सरांच्या खोलीत गेला. "सर, मी ते उघडलंसुद्धा नाही! शपथ!"

"नम्रता चांगली," सर हसून म्हणाले, "पण इतकी नको."

"ग्रंथपालबाईंना विचारा! त्या समोर बसून होत्या!"

बाईंनी लगेच पत्रच लिहून दिलं. त्यांनी इतकं सुंदर पत्र कुणासाठीच लिहिलं नसेल. 'हा विद्यार्थी आठवडाभर, रविवार सोडून, रोज सहा तास ग्रंथालयात एकाग्रतेने वाचत होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.' सरांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून जपून खणात ठेवलं.

"बघ," ते म्हणाले. "मी म्हणत होतो तेच."

बारक्या पाय ओढत बाहेर आला. फलकाजवळ घोरपड उभा होता. उभा! त्याला तीस आणि दहा, बरोबर चाळीस मिळाले होते.

"लेका!" घोरपडीने त्याला मिठी मारली. "पुस्तक सापडलं असतं तर मी काय वाचणार होतो? कप्पाळ! तुझ्यामुळे पास झालो!"

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अठरा जण त्या दहा गुणांवर तरले होते! पंधरा दिवसांचा राग एका क्षणात मावळला. कुणीतरी ओरडलं, "उचला रे बारक्याला!" आणि दहा-बारा जणांनी त्याला खरंच खांद्यावर घेतलं. वऱ्हांडाभर आरोळ्या, टाळ्या! ग्रंथपालबाई दारात येऊन कौतुकाने बघायला लागल्या. काय करावं न सुचून बारक्यानेही हात हलवला, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वडील होते.

"काय रे, एवढा आनंद कसला चाललाय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "पास झालास वाटतं!"

"नाही बाबा," खांद्यावर हिंदकळत बारक्या म्हणाला. "बाकीचे झालेत."