निळा म्हणजे आपण!

“चोवीस वर्षं इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासले! केसाएवढी चूक ह्या डोळ्यांतून सुटली नाही!” हे वाक्य सेतुमाधवरावांनी अड्यारच्या आपल्या इमारतीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की लिफ्टलाही ते पाठ झालं असावं.

पत्नी भवानीबाई गेल्यापासून तीन वर्षं त्यांची घंटी वाजवायचा तो कुरिअरवाला, आणि त्याचंही पार्सल बहुधा शेजारच्यांचं निघायचं. पण नात कीर्तना आशियाई खेळांत ज्यूदोच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली आणि सेतुमाधवरावांना निमित्त मिळालं! दारोदार फिरून त्यांनी वीस माणसं मॅच बघायला गोळा केली. खुर्च्या मागून आणल्या, हरभऱ्यांचं सुंडल केलं, कॉफीचा फिल्टर तीनदा भरला. घर एकदा भरलेलं बघायची त्यांना फार इच्छा होती.

ते कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येईपर्यंत मॅच सुरू झालीसुद्धा! पडद्यावर दोन मुली डोक्याला डोकं लावून झोंबत होत्या, एक पांढऱ्या पोशाखात, एक निळ्या.

“सर, आपली कुठली?” सोसायटीचे सेक्रेटरी शेषाद्री ओरडले.

कॉफीच्या वाफेनं सेतुमाधवरावांच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं. पण विचारणं तरी काय! “क्रिकेट बघता ना? निळा म्हणजे आपण!”

तेवढ्यात निळीनं पांढरीला उचलून धाडकन पाठीवर आपटलं. पंचाचा हात वर! अकरा सेकंदांत मॅच खलास!

घर दणाणलं! शिट्ट्या, टाळ्या! शेषाद्रींनी सोबत आणलेली शाल सेतुमाधवरावांच्या खांद्यावर घातली आणि फोटो काढला.

“अय्यो, ती पांढरी किती रडतेय, सर!” खालच्या मजल्यावरची वाणी कळवळली.

“रडणारच! अशा मुलींनी ज्यूदो खेळावंच कशाला?”

फोन वाजला. कीर्तना! सेतुमाधवरावांनी ऐटीत स्पीकर लावला.

“अज्जा, मी हरले.”

पुढच्या खुर्च्या गार पडल्या. मागच्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं, ते टाळ्या वाजवतच राहिले.

“एवढ्या टाळ्या? हरले तरी?” तिचा आवाज भरून आला. “इथे माझ्या बाजूनं ओरडायला कुणीच नव्हतं, अज्जा. सराव धरून महिनाभर जेवतेसुद्धा एकटीच. घरी एवढे लोक आहेत म्हटल्यावर बरं वाटलं. थँक्यू सांगा सगळ्यांना!”

आता मागचेही गप्प झाले. वाणीनं कॉफीचा टंबलर हळूच खाली ठेवला. एकेक जण चपला शोधू लागला. “परवाइल्लै, सर, चालायचंच,” शेषाद्री पुटपुटले. शाल परत घ्यावी की राहू द्यावी, ह्या विचारात ते क्षणभर दारात घुटमळले आणि निघून गेले.

“अजून एक मॅच आहे, अज्जा. ती जिंकले तर ब्राँझसाठी खेळेन. बघाल ना, सगळे मिळून?”

सेतुमाधवरावांनी वीस रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

“हो तर! सगळे इथंच बसलेत! कुणी हलायला तयार नाही!” मग शाल सावरत, आवाज उतरवून ते म्हणाले, “फक्त एक सांग, बाळ. ह्या वेळी तू कुठल्या रंगात?”



“अज्जा,” कीर्तना म्हणाली, “मघाशी तुम्ही सगळे कुणासाठी टाळ्या वाजवत होतात?”