टेकडीवरची खासगी खरेदी

गुपित कसं राखावं हे आपल्याकडून शिकावं, असं नोलीन स्वतःच सांगायची. ऑस्ट्रेलियातल्या मल्गा डाऊन्सच्या त्या रानात शेजारचं घर तासाभराच्या वाटेवर, तरी एकीचा केक करपला की दुसरीला चहाच्या आत कळतं. आणि नोलीनला चौपन्नाव्या वर्षी, नवरा जाऊन चार वर्षं झाल्यावर, आयुष्यातला पहिला व्हायब्रेटर घ्यायचा होता! घरात सासू आयलीन. वय एक्याऐंशी, कान तिखट आणि सगळ्या भागावर वचक. चर्चला रंग कुठला द्यायचा हेसुद्धा तीच ठरवते. तिला सुगावा लागला असता तर नोलीनला तोंड लपवून टास्मानियाला पळावं लागलं असतं.

म्हणून तिने टेकडी निवडली. मोबाइलला रेंज तेवढी तिथेच. सोबतीला घेतली शेजारच्या फार्मवरची स्वयंपाकीण टेगन, कारण तिला यातलं कळत होतं. गाडीत दोघींच्या मधे स्पड. हा गलेलठ्ठ कुत्रा मागच्या हौद्यात बसत नाही, त्याला वारं लागतं.

"पहिल्यांदाच घेतेयस तर लहानच घे," टेगनने फोन पुढे केला. "हा बघ, अंगठ्याएवढा."

"आणि हा?"

"तो नको. एवढ्यात तरी नको."

नोलीनने चष्मा लावून तोच नीट पाहिला. "अगं बाई. हा तर कुंपणाचा खांब आहे."

"म्हणून तर सांगतेय. मऊ सिलिकॉनचा घे, धुता येणारा. वेग कमीजास्त करता यायला हवा. याला दहा आहेत."

"दहा? माझ्या ट्रॅक्टरला एवढे गियर नाहीत."

"तू आपली पहिल्यावर राहा."

"आणि आवाज? आयलीनची खोली पलीकडेच आहे. विचारलं तर काय सांगू, दात घासतेय?"

"रोज अर्धा तास?"

दोघींची हसून हसून मुरकुंडी वळली. त्या गडबडीत स्पड वैतागून उठला आणि त्याच्या बुडाखालून गाडीच्या रेडिओचा माइक घरंगळत पायाशी आला.

आता त्या माइकचं असं आहे की बटण दाबलं की आपलं बोलणं सगळ्यांना जातं, आणि ते दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचं काही आपल्याला ऐकू येत नाही. त्या भागातल्या प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक स्वयंपाकघरात एकच चॅनेल चालू असतं. त्यातून टेकडीवरून बोललेलं सगळ्यात लांब जातं.

"सुटलं एकदाचं बटण," रेडिओ बोलला. हेलिकॉप्टरने गुरं हाकणारा कोबी होता तो. "केव्हाचे ओरडतोय आम्ही. माझा अख्खा कळप पांगला, मी आपला वर घिरट्या घालत ऐकतोय."

माइक टेगनने उचलला. "कुठपासून ऐकलंस?"

"अंगठ्यापासून."

पाठोपाठ नदीपलीकडची ग्लेनिस आली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. "नोलीन, टेगन बरोबर सांगतेय गं. आणि वंगण पाण्याचंच घे. सिलिकॉनला सिलिकॉनचं लावलं की वस्तू चिकट होऊन बसते. माझी एक अशीच वाया गेली."

ग्लेनिस? दर रविवारी तिच्याच ऑर्गनच्या साथीने नोलीन भजनं म्हणत होती.

मग तो आवाज आला. "चॅनेल मोकळं करा सगळ्यांनी." आयलीन! "नोलीन, माझ्या मुलाच्या घरात असल्या वस्तू कधी आल्या नाहीत आणि येणारही नाहीत. घरी ये, मग बोलू."

नोलीनच्या डोळ्यांत पाणीच आलं. ज्या बाईसोबत रोज एका टेबलावर जेवायचं, तिला आता तोंड कसं दाखवायचं?

"माफ करा आयलीन, मधे बोलतोय," रेडिओवर आणखी एकजण आला. टपालाचा ट्रक चालवणारा मर्व्ह. साधा, सरळ, मदतीला तत्पर माणूस. "नोलीन, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्या दुकानाची तपकिरी खोकी मी या रस्त्यावर नेहमी पोचवतो. फक्त मागवशील तेव्हा नाव पूर्ण घाल. तुमच्याकडच्या खोक्यांवर नुसतं 'मिसेस हारग्रेव्ह' असतं. दोघींपैकी कुणाचं ते मला कळतच नाही, मी आपला दारात ठेवून येतो."

नोलीनने माइक हातात घेतला. "मर्व्ह," ती हळूच म्हणाली, "अरे, माझं तर हे पहिलंच आहे."

एरवी दिवसभर बडबडणारं ते चॅनेल, त्याच्यावर कुणी खोकेनासुद्धा.

शेवटी आयलीनच बोलली.

"मर्व्ह, तू रस्त्याकडे बघ."

नोलीनने डोळे पुसले, अंगठ्याएवढा निवडला आणि पत्त्यावर आपलं नाव अगदी पूर्ण लिहिलं.