प्रेमाचा पुरावा जोडावा

नोंदणीबाईंना पोहायला शिकायचे होते. वय वर्षे अठ्ठावन्न, आणि पाण्याशी आजवरचा संबंध बादलीपुरता. जलतरण तलावाच्या सकाळच्या महिला वर्गात एकच जागा उरली होती आणि तिची वार्षिक वर्गणी तीस तारखेला दुपारी चारपर्यंत एकरकमी भरायची होती. एवढी रक्कम उभी कशी करायची हा प्रश्न घरात निघाला, तेव्हा बाईंनी कपाटाचा वरचा कप्पा उघडला आणि प्रश्न सुटल्याचे जाहीर केले.

कप्प्यात एक चादर होती. चादरीत खोके, खोक्यात मऊ कापडी पिशवी आणि पिशवीत एक पर्स. चार वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या तेव्हा धाकट्या नणंदेने ती भेट दिली होती. पर्सवर एका बड्या कंपनीचे नाव होते. त्यातली निम्मी अक्षरे उच्चारायची नसतात, आणि किंमत तर अजिबात उच्चारायची नसते. रंग शेवाळी, बक्कल मुठीएवढे, आणि आत जागा इतकी की चष्मा ठेवला तर किल्ली हातात धरावी लागे. बाईंनी ती एकदा खांद्याला लावून आरशात पाहिली होती, "छान आहे हं" असे म्हटले होते आणि होती तशी गुंडाळून वर ठेवली होती.

"ही विकली की वर्गणी सुटते," बाई म्हणाल्या.

"आणि धाकटीनं विचारलं तर?" बाईंचे यजमान म्हणाले. ते घड्याळे दुरुस्त करीत. एका डोळ्याला भिंग लावून बोलत असल्यामुळे त्यांचा साधा प्रश्नही चौकशीसारखा वाटे.

"चार वर्षांत एकदा तरी विचारलंय का तिनं? तिलाही ती कुणीतरी दिलेलीच असणार."

लेकीने फोनवरून मार्ग दाखवला. "आई, 'पुनर्प्रीती'वर टाक. ब्रँडेड वस्तू तिथेच जातात. पाच मिनिटांचं काम आहे गं." हे वाक्य तिने बारा तारखेला उच्चारले, हे इथे नमूद करून ठेवलेले बरे.

'पुनर्प्रीती'वर 'जुनी' हा शब्द चालत नाही. 'वापरलेली' तर शिवीत जमा. तिथे प्रत्येक वस्तू 'पूर्वप्रेमित' असते. बाईंनी लांबी, रुंदी, रंग, बक्कलाचे वजन असे अठरा रकाने न अडखळता भरले. एकोणिसावा रकाना होता: 'ही वस्तू पूर्वप्रेमित आहे काय? आहे / नाही.' खाली बारीक अक्षरांत ताकीद: 'चुकीची माहिती दिल्यास खाते कायमचे बंद करण्यात येईल.'

आता, बाई तीस वर्षे जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसलेल्या. विचारले आहे तेच लिहायचे आणि खरे आहे तेच लिहायचे, हे त्यांच्या अंगात मुरलेले. दुसरी कोणी असती तर 'आहे' करून मोकळी झाली असती. बाईंनी चष्मा पुसला, क्षणभर मनाला विचारले आणि 'नाही'वर बोट ठेवले.

उत्तर तत्काळ आले. 'अभिनंदन! आपली वस्तू अप्रेमित आहे. अप्रेमित म्हणजे कोरी. कोरी वस्तू विकणारा तो व्यापारी. कृपया व्यापारी परवाना, गोदामाचे क्षेत्रफळ व कामगारांची संख्या कळवावी.'

"गोदाम म्हणजे कपाटच धरायचं ना?" यजमानांनी विचारले. "आणि कामगार मी."

बाईंनी साहाय्य कक्षाला लिहिले. तिथे 'सखी' नावाची कोणीतरी होती. ती माणूस होती की यंत्र हे बाईंना शेवटपर्यंत कळले नाही. तिथे पगार घेणाऱ्यांनाही कळत नसावे.

'नमस्कार गोड ताई! मी आपली सखी. आज मन कसं आहे?'

'मन बरं आहे. एकोणिसाव्या रकान्यातलं उत्तर बदलून मिळेल का?'

'नक्कीच! प्रेम कधीही होऊ शकतं. फक्त पुरावा जोडावा.'

'कसला पुरावा?'

'प्रेमाचा. विक्रेता व वस्तू यांची एकत्र छायाचित्रे, किमान सहा, निरनिराळ्या ठिकाणी. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जिव्हाळा असावा.'

"लग्नाच्या नोंदणीलासुद्धा आम्ही एवढं मागत नव्हतो," बाई उखडल्या.

"मागितलं असतं तर आपली नोंद झाली नसती," यजमान भिंगातून म्हणाले.

चौदा तारखेला पर्स चार वर्षांनी उजेडात आली. पहिले छायाचित्र गॅलरीत काढले. शेरा आला: 'जिव्हाळा अपुरा.' दुसरे भाजीबाजारात काढले. 'विक्रेत्याची नजर कोबीकडे.' तिसरे बागेतल्या बाकावर. 'वस्तू अवघडलेली दिसते.' चौथ्यात यजमानांची सावली आली होती, त्यावर लाल अक्षरांत होते: 'तिसऱ्या व्यक्तीची उपस्थिती. संबंध गुंतागुंतीचे.'

"हसा की जरा," यजमान फोन सरसावून म्हणत.

"अहो, हसतेच आहे."

"हे हसणं खिडकीतलं आहे. 'झेरॉक्स कुठंय' म्हणायच्या आधीचं."

चार दिवस असे वाया गेले. मग धोब्याच्या दुकानासमोर उभ्या असताना बाईंना युक्ती सुचली. डोळे पर्सवर ठेवायचे आणि मनात तलाव आणायचा. निळे पाणी, त्यावर हलणारी सकाळची उन्हे, कडेची ती स्टीलची शिडी. तसे करताच बाईंच्या चेहऱ्यावर असे काही उमटले की यजमानांनी भिंग काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. यात फसवणूक नव्हती. छायाचित्र काढताना मनात काय आहे, हे कोणी विचारले नव्हते, आणि रकाना नसलेली माहिती द्यायची नाही हाही नोंदणीचाच नियम आहे.

सहाही छायाचित्रे एका फटक्यात मंजूर झाली. बँकेच्या रांगेतले, बसथांब्यावरचे, भंगारवाल्याच्या तराजूशेजारचे, सगळी. बावीस तारखेला निकाल लागला: 'आपला प्रेमांक दहापैकी ९.६. श्रेणी: उत्कट.'

"झालं!" बाई म्हणाल्या. "आता विकली जाईल."

तेवढ्यात पुढचे पत्र आले. 'एवढे उत्कट प्रेम असूनही आपण वस्तू विकत आहात, ही बाब चिंताजनक आहे. आपल्यावर कोणाचा दबाव आहे काय? खबरदारी म्हणून सात दिवसांचा विरहपूर्व विचारकाल मंजूर करण्यात येत आहे. या काळात वस्तूपासून दूर राहू नये.'

दबाव होता, पण तो तीस तारखेचा होता, आणि त्याला रकाना नव्हता. बाई पर्स लटकवून सात दिवस फिरल्या. एव्हाना गिऱ्हाइकांनाही कंठ फुटला होता. एकीने नुसते 'शेवटचं सांगा' एवढेच लिहिले आणि सांगितल्यावर कायमची गप्प झाली. दुसरीला फक्त बक्कल हवे होते. तिसरीने बदल्यात व्यायामाची सायकल देऊ केली. तीही, तिच्याच शब्दांत, अप्रेमित होती. एका गृहस्थांनी पर्सची एकवीस छायाचित्रे आतून-बाहेरून मागवली, सर्व बारकाईने तपासली आणि कळवले, 'छान आहे. मिसेसला दाखवतो.' मिसेसनी अजून पाहिलेली नाही.

एकोणतीस तारखेला अंतिम मूल्यांकन आले. 'पाच ते सहा प्रेमांक ही आदर्श अवस्था होय: प्रेम झाले, पण वस्तूला जाणवले नाही. आपला प्रेमांक ९.६ असल्याने वस्तू अतिप्रेमित गटात मोडते. अतिप्रेमित वस्तू भावनिकदृष्ट्या थकलेली असते. सबब विक्रीमूल्य मूळ किमतीच्या चार टक्के.'

बाईंनी हिशेब केला. चार टक्क्यांत तलावावर दोन दिवस जाता आले असते, त्यातला एक दिवस काठावर बसून. उद्या चार वाजता खिडकी बंद होणार होती, आणि खिडकी चार वाजता म्हणजे किती वाजता बंद होते हे बाईंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? त्या पर्स मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. यजमानांनी उगीचच चालू असलेले एक घड्याळ उघडले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तळमजल्यावरची दातांची डॉक्टर उभी होती, हातात एक लांब कोट.

"काकू, तुमचा प्रेमांक नऊ पूर्णांक सहा आला म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या इमारतीला माहितीये. माझा दोनच्या वर सरकत नाही हो! तीन महिने झाले. हा कोट, दोन सँडल, एक गॉगल, सगळं अडकून पडलंय. दिवसभर पेशंटना 'अजिबात दुखणार नाही' असं हसत सांगते, पण कोटाकडे बघून हसायला सांगितलं की जबडाच धरतो."

"मग मी काय करू?"

"तुम्ही करा ना प्रेम. तेवीस नंबरचा रकाना आहे त्याला. 'वस्तूवर विक्रेत्याव्यतिरिक्त अन्य कोणाचे प्रेम आहे काय?' माझे दोन आणि तुमचे चार धरले की आदर्श अवस्था. फी देईन, आगाऊ देईन."

बाईंचा चेहरा कठोर झाला. "म्हणजे खोटं लिहून द्यायचं?"

"खोटं कशाला? खरंच करायचं. त्याचेच तर पैसे देतेय. फक्त, काकू, चारच्या वर जाऊ देऊ नका हं. कोट थकेल."

बाईंनी कोट अंगात घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि अंदाज घेतला. तलाव मनात आणला तर नऊच्या पुढे जात होते. तलावाऐवजी बादली आणली की बरोबर चार. "जमेल," त्या म्हणाल्या.

तीस तारखेला सकाळी दहापर्यंत दुसऱ्या मजल्यावरचे करसल्लागार सात टाय घेऊन आले. त्यांच्या मागोमाग गच्चीशेजारची नृत्यशिक्षिका आली. तिच्याकडे अशी चप्पल होती की तिच्या टाचेवर उभे राहायला नाचच यावा लागे, आणि तो येत असूनही तिला उभे राहता येत नव्हते. सर्वांनी आगाऊ रक्कम दिली. चारला दहा मिनिटे कमी असताना बाई डॉक्टरचा कोट, करसल्लागारांचा टाय आणि शेवाळी पर्स अशा वेशात तलावाच्या खिडकीशी पोचल्या. आतल्या कारकुनाने वर पाहिले, पुन्हा पाहिले आणि चुपचाप पावती फाडली.

पुढचे सांगायला फारसा वेळ लागणार नाही. बाईंच्या दारावर आता पाटी आहे: 'येथे मापात प्रेम करून मिळेल.' दर तीन आहेत: साधा जिव्हाळा, ओढ, आणि तातडीचे. यजमानही धंद्यात उतरले आहेत. दोन्ही मनगटांवर मिळून परकी सहा घड्याळे लावून ते बाजारात जातात, आणि कोणी वेळ विचारली तर "कोणाची?" असे विचारतात. धाकट्या नणंदेला पर्सची हकिकत कळली तेव्हा बाईंनी माफीचे वाक्य जुळवून ठेवले होते. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, त्या पर्सचं राहू दे गं. माझ्या कपाटात अजून सात आहेत. घरच्या माणसांना काही सूट देतेस का?"

पर्स अर्थातच अजून विकली गेलेली नाही. बाई तिच्यात पोहायची टोपी आणि ओला पंचा कोंबून नेतात, त्यामुळे ती फुगून वेडीवाकडी झाली आहे आणि तिला तलावाचा वास येतो. बाई आता हात सोडून अकरा फूट पोहतात. बारावा फूट प्रशिक्षिकेच्या गळ्यात पडतो.

मागच्या मंगळवारी मात्र पंचाईत झाली. एक सुसंस्कृत गृहस्थ टेम्पोतून चार खोकी घेऊन आले.

"कपडे?" बाईंनी विचारले.

"छे छे, पुस्तकं. 'पूर्ववाचित' म्हणून काढायची आहेत." गृहस्थांनी आवाज खाली आणला. "पण पानं इतकी करकरीत आहेत की कुणाचा विश्वास बसणार नाही. तुम्ही तेवढे कोपरे दुमडून द्या. मधे एखादा चहाचा डाग. आणि समासात चार ठिकाणी 'वा!'"

बाईंनी वरचे पुस्तक उघडले. खुणेची दोरी पान अकरावर होती. दुसऱ्याची नऊवर. तिसऱ्याची छापखान्यातून आली होती तिथेच.

"म्हणजे ही सगळी मी वाचायची?"

"वाचायची कशाला? इतके दिवस माझं कुठं अडलं?"

बाई विचारात पडल्या. शेवटी म्हणाल्या, "कोपरे दुमडून देते. डागही पाडते, हे चहा पितातच. पण 'वा!'चा दर चौपट पडेल. त्यासाठी शेवटपर्यंत यावं लागतं."

गृहस्थांनी कुरकूर न करता पैसे मोजले. ते कोण होते हे विचारू नये. बाई गिऱ्हाइकाचे नाव फोडत नाहीत, आणि आपण स्वतःचे नाव स्वतःला विचारण्यात तसाही अर्थ नसतो. आपण या मजकुराच्या तळाशी पोचला आहात, हे आम्ही नोंदवून घेतले आहे. मधले दोन परिच्छेद गाळून आला असलात तरी हरकत नाही, त्याला रकाना नाही. फक्त उठण्यापूर्वी शेजारच्या समासात शाईने एक 'वा!' लिहून ठेवा. पुस्तक विकायला काढाल तेव्हा चौपट दर वाचेल.